सरकारने शेअर घेतले, पण दोरी सोडली

मागच्या अंकात मी चिप कारखान्यातल्या अतिशुद्ध पाण्याविषयी लिहिलं आणि पाण्याबद्दलच प्रश्न पाठवा अशी विनंती केली. पाण्यावर दोन पत्रं आली, बाकी सगळी इंटेलवर. २२ ऑगस्ट २०२५ ला ट्रम्प प्रशासनाने आणि इंटेलने मिळून जाहीर केलं की अमेरिकेचं केंद्र सरकार या अडचणीतल्या चिप कंपनीत सुमारे ९.९ टक्के हिस्सा घेणार. तेव्हापासून फोनवर, मंडळाच्या कार्यक्रमात, डेंटिस्टच्या खुर्चीतसुद्धा लोक मला हेच विचारतात. म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलंय.

नवीन वाचकांसाठी सांगते. मी ॲरिझोनात २६ वर्षं चिप कारखान्यांत एचिंग विभागात (चकतीवरचा नको तो भाग कोरून काढणारा विभाग) काम केलं, आता निवृत्त आहे. माझ्याकडे इंटेलचा एकही शेअर नाही. पाण्याची दोन उत्तरं पुढच्या अंकात नक्की.

प्रश्न: सरकारने विकत घेतलं म्हणजे नेमकं काय केलं? पैसे कुठून आणले? आणि आता कंपनी सरकार चालवणार का? (निवृत्त शिक्षिका, एडिसन, न्यू जर्सी)

बाई, आधी आकडे. सरकारला ४३ कोटी ३३ लाख शेअर द्यायचे ठरले, प्रत्येकी २०.४७ डॉलरने, एकूण ८.९ अब्ज डॉलरचे. जाहीर झालं त्या दिवशी बाजारात शेअर २४.८० डॉलरवर बंद झाला होता. म्हणजे सरकारला स्वस्तात मिळाला. पण खरी मेख पैसे कुठून आले त्यात आहे.

२०२२ साली बायडेन यांनी चिप्स कायद्यावर सही केली. अमेरिकेत चिप कारखाने उभारणाऱ्यांना प्रोत्साहन म्हणून त्यात ३९ अब्ज डॉलर ठेवले होते. इंटेलच्या वाट्याचे ७.८६ अब्ज नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्के झाले. त्यातले २.२ अब्ज हातात पडले, ५.७ अब्ज यायचे राहिले. शिवाय संरक्षण खात्यासाठी खात्रीच्या चिप बनवायच्या ‘सिक्युअर एन्क्लेव्ह’ या कार्यक्रमाचे ३.२ अब्ज वेगळे. आता ५.७ मध्ये ३.२ मिळवा. आले ना ८.९? जे द्यायचं कबूल केलं होतं तेच सरकारने दिलं. अनुदान होतं, त्याला शेअरची किंमत म्हटलं.

घराचं उदाहरण घेते. तुम्ही भाच्याला घर बांधायला मदत कबूल केली. पाया झाला की इतके, स्लॅब पडला की इतके, असं ठरलं. मग अर्ध्या वाटेत म्हणालात, सगळे आत्ताच घे, पण घराचा दहावा हिस्सा माझ्या नावावर कर. भाचा तयार झाला. पण त्याच कागदावर तुम्ही स्लॅब कधी पडेल हे विचारायचा हक्कही सोडून दिलात. इथे नेमकं हेच झालं. पात्र प्रकल्पांवर आधीच ७.८७ अब्ज डॉलर खर्च केल्याचं कंपनीने दाखवलं आणि सुधारित करारातून प्रकल्पांचे टप्पे काढून टाकले गेले. ऑगस्ट संपायच्या आत ५.७ अब्ज कंपनीच्या खात्यात जमा झाले, ठरलेल्या वेळेच्या आधी. आधी दिलेल्या २.२ अब्जांवर, काम झालं नाही तर पैसे परत घेण्याची आणि जास्त नफा झाला तर वाटा मागण्याची अट होती. तीही गेली. काही बंधनं आहेत: हे पैसे लाभांशाला किंवा स्वतःचे शेअर परत विकत घ्यायला वापरायचे नाहीत, ठरावीक देशांत विस्तार करायचा नाही. ती मला पटतात. पण ‘काय करू नका’ याची यादी ‘काय करून दाखवा’ या यादीची जागा घेऊ शकत नाही.

कंपनी चालवण्याचं म्हणाल, तर सरकारला संचालक मंडळावर जागा नाही, आतली माहिती मागायचा खास हक्क नाही आणि मोजके अपवाद सोडता मतही मंडळाच्या बाजूनेच द्यायचं आहे. अशा भागधारकाला कागदावर गप्प बसायचंय. प्रत्यक्षात तो किती गप्प बसेल याबद्दल पुढे एका प्रश्नात लिहिते.

प्रश्न: आम्ही २०२२ मध्ये न्यू अल्बनीजवळ घर घेतलं, इंटेल येणार म्हणून. शेजारी नुसत्या क्रेन दिसतात. आता सरकारच मालक झालंय तर कारखाना लवकर सुरू होईल ना? (कोलंबसजवळून, ओहायओ)

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. खोटी आशा दाखवणार नाही.

जानेवारी २०२२ मध्ये घोषणा झाली तेव्हा सुरुवातीला २० अब्ज डॉलरचे दोन कारखाने, जवळजवळ हजार एकर जागा, कंपनीच्या ३,००० नोकऱ्या, बांधकामाच्या ७,००० आणि २०२५ मध्ये उत्पादन असं सांगितलं होतं. सप्टेंबर २०२२ च्या भूमिपूजनाला स्वतः बायडेन आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने नवी तारीख दिली: पहिल्या कारखान्याचं बांधकाम २०३० मध्ये पूर्ण, काम २०३० किंवा २०३१ मध्ये सुरू. दुसरा २०३२ मध्ये. जुलैमध्ये नवे मुख्याधिकारी लिप-बू टॅन यांनी ओहायओचं बांधकाम आणखी सावकाश करू असं सांगितलं, आणि जर्मनी व पोलंडमधले बेत तर रद्दच केले. बाजारात मागणी दिसेल तसतसे कारखाने उभारायचे, मागणीच्या आधी नाही, असं त्यांचं धोरण आहे.

धंद्याच्या हिशेबाने टॅन बरोबर आहेत. रिकामा चिप कारखाना म्हणजे दिवसाला पैसा जाळणारी भट्टी. आत यंत्रं बसली की ती वापरा अथवा न वापरा, त्यांची किंमत घसरत राहते. पण अनुदानाचे टप्पे होते म्हणून ओहायओच्या बाजूने बोलायला एक कागद होता. काम पुढे सरकलं नाही तर पुढचा हप्ता नाही, हे सरकार म्हणू शकत होतं. त्या दोरीचं एक टोक वॉशिंग्टनमध्ये होतं आणि दुसरं तुमच्या शेजारच्या क्रेनला बांधलेलं होतं. आता सरकारच्या हातात शेअर आहेत. शेअरचा भाव ॲरिझोनातल्या कारखान्यामुळेही वाढू शकतो, कुणा दुसऱ्या कंपनीने पैसे घातल्यानेही वाढू शकतो. ओहायओत वीट नाही रचली तरी वाढू शकतो. भागधारक म्हणून सरकारला त्यात आनंदच आहे. तुमच्या गावाचं हित आणि त्या शेअरचं हित आता एक राहिलेलं नाही.

सरकारने सार्वजनिक पैशाच्या बदल्यात हिस्सा घेतला, याला माझी ना नाही, हे मुद्दाम सांगते. उलट २००५ पासून मी हे म्हणत आलेय की लोकांचा पैसा जातो तिथे लोकांचा वाटाही हवा. माझी तक्रार एवढीच की दोन्ही ठेवता आलं असतं. हिस्साही आणि टप्पेही. ते केलं नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

घर विकावं का, असंही तुम्ही विचारलंय. कारखाना २०३१ च्या आधी येणार नाही असं धरा, आणि तरीही त्या घरात राहायला आवडतंय का एवढंच एकमेकांना विचारा.

प्रश्न: माझ्याकडे इंटेलचे ४०० शेअर आहेत, १५ वर्षांपासून. सरकारने माझा हिस्सा खाल्ला का? (सॅन होजे)

थोडासा, हो. सरकारला जुने शेअर बाजारातून घेऊन दिलेले नाहीत, कंपनीने नवे काढले. भाकरी तेवढीच आणि वाटेकरी वाढले. शिवाय जे पैसे टप्पे पूर्ण केले असते तर काहीही न देता मिळाले असते, त्यांच्या बदल्यात कंपनीला हिस्सा द्यावा लागला. दुसरी बाजू अशी की टप्प्यांची टांगती तलवार गेली, रोकड आधी आली, आणि सरकार पाठीशी आहे हे पाहून इतरांना धीर आला. जपानच्या सॉफ्टबँक या गुंतवणूक कंपनीने सरकारच्या चार दिवस आधीच २३ डॉलरने २ अब्ज घालायचं जाहीर केलं होतं. १८ सप्टेंबरला एनव्हिडिया या चिप कंपनीने २३.२८ डॉलरने ५ अब्ज जाहीर केले. ऑक्टोबरात भाव ३५ च्या वर गेला.

एक कलम मात्र वाचून ठेवा. सरकारला पाच वर्षांसाठी आणखी ५ टक्के शेअर २० डॉलरने घेण्याचा हक्क दिलाय, पण तो केव्हा वापरता येईल? इंटेलची स्वतःच्या चिप कारखान्यांमधली मालकी ५१ टक्क्यांच्या खाली गेली तरच. म्हणजे कारखाने वेगळे काढून विकायचे ठरवले तर जुन्या भागधारकांना दंड. सगळ्या करारात मला पटलेलं कलम म्हणाल तर हे. देशात चिप बनत राहाव्यात हा हेतू यात तरी सरळ दिसतो.

विकू की ठेवू, हे मी सांगत नाही. ते माझं क्षेत्र नाही.

प्रश्न: मावशी, मी ॲरिझोनात टेंपीला मटेरियल्समध्ये एमएस करतोय. वर्गात प्रोफेसर म्हणाले की इंटेलचं दुखणं पैशाचं नाहीच, यील्डचं आणि ग्राहकांचं आहे. म्हणजे काय? मी या क्षेत्रात यावं का?

तुझे प्रोफेसर बरोबर सांगतायत. हे उत्तर मी थोडं लांबवणार, कारण बाकी सगळ्या प्रश्नांचं मूळ इथे आहे.

३०० मिलिमीटर व्यासाची सिलिकॉनची चकती, वेफर. २५ चकत्यांचा एक लॉट. तो शेकडो पायऱ्यांतून फिरतो: थर चढवायचा, प्रकाशाने नक्षी उमटवायची, नको तो भाग कोरून काढायचा, धुवायचं, मोजायचं, पुन्हा पहिल्यापासून. कोरी चकती आत गेल्यापासून तयार होऊन बाहेर यायला साधारण तीन महिने. शेवटी त्यावरच्या शंभर चिपांपैकी किती चालतात, तो यील्ड. खर्च सगळ्या शंभरांचा होतो, पैसे फक्त चालणाऱ्यांचे मिळतात.

एका वर्षी आमच्या लाइनवर यील्ड अचानक घसरला. चकतीच्या कडेला, घड्याळात चार वाजतात त्या जागी, मेलेल्या चिपांचा डाग. आम्ही सहा आठवडे त्याच्यामागे होतो. बनी सूट (धूळ रोखणारा अंगभर पोशाख) घालून रात्री दोनला आत जायचं, एकेका यंत्राचे लॉट वेगळे काढून नकाशे एकमेकांवर ठेवून बघायचे. शेवटी एचिंगच्या एका चेंबरमधली रबरी ओ-रिंग सापडली. डोळ्याला धड दिसत होती, पण प्लाझ्मा (कोरायला वापरतात तो विद्युतभारित वायू) लागून तिचे कण सुटत होते. बदलायला वीस मिनिटं लागली. त्या सहा आठवड्यांत आमच्याकडे पैशाची टंचाई नव्हती, मागितलं ते मोजमापयंत्र मिळत होतं. शोधणारी माणसं आणि वेळ, या दोनच गोष्टी कामाला आल्या. आणि शोधणारी माणसं म्हणजे अशी की ज्यांनी असले वीस डाग आधी पाहिलेत.

आता इंटेल बघ. १९६८ मध्ये नॉइस आणि मूर यांनी सुरू केलेली, १९७१ मध्ये पहिला व्यापारी मायक्रोप्रोसेसर देणारी कंपनी. तिची १० नॅनोमीटरची पिढी, म्हणजे चिप बनवण्याच्या तंत्राची एक आवृत्ती, वर्षानुवर्षं लांबली, कारण यील्ड येईना. अतिनील किरणांच्या टोकाच्या प्रकाशाने नक्षी काढणाऱ्या ईयूव्ही यंत्रांच्या संशोधनात इंटेलने १९९७ पासून पैसा घातला, २०१२ मध्ये ती यंत्रं बनवणाऱ्या एएसएमएलचे शेअरही घेतले. पण तैवानच्या टीएसएमसीने ईयूव्ही २०१९ मध्ये मोठ्या उत्पादनात आणलं आणि इंटेलचा तसा पहिला प्रोसेसर बाजारात आला २०२३ च्या शेवटी. पैसा होता, यंत्रही ठाऊक होतं, निर्णय चुकला. २०२४ मध्ये कंपनीला १८.८ अब्ज डॉलरचा निव्वळ तोटा झाला, १९८६ नंतरचा पहिला वार्षिक तोटा. एकट्या कारखान्यांच्या विभागाचा कामकाजातला तोटा १३.४ अब्ज. त्या एका वर्षाच्या भोकाच्या तुलनेत सरकारचे ८.९ अब्ज किती दिवस पुरतील, तूच हिशेब कर.

ग्राहकांचं असं आहे. चिपची रचना करणाऱ्या कंपन्यांनी आपली चिप इंटेलच्या कारखान्यात बनवून घ्यावी, यावर सगळी मदार आहे. पण इंटेल स्वतःही चिप विकते, म्हणजे काही ग्राहकांची स्पर्धकच. शिवाय तीन महिन्यांनी चकतीवर काय उगवेल याची खात्री असल्याशिवाय कुणी आपली मुख्य चिप सोपवत नाही. जुलै २०२५ मध्ये टॅन यांनी उघड सांगितलं की पुढच्या १४ए पिढीला बाहेरचा मोठा ग्राहक मिळाला नाही तर ते काम थांबवावं लागेल. सरकार भागधारक झालं म्हणून ते चिपचं ग्राहक होत नाही. संरक्षण खात्याला लागणाऱ्या चिप महत्त्वाच्या आहेत, पण संख्येने थोड्या. एवढा मोठा कारखाना त्यांच्यावर भरत नाही. एनव्हिडियाच्या ५ अब्जांच्या बातमीतही आपल्या चिप इंटेलच्या कारखान्यात बनवून घेऊ असा शब्द नव्हता. मी तोच शब्द शोधत होते.

तरीही ये. ऑक्टोबर २०२५ मध्ये चँडलरच्या फॅब ५२ या कारखान्यात १८ए पिढीचं उत्पादन सुरू झाल्याचं इंटेलने सांगितलं. ते तुझ्या विद्यापीठापासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत आहे. फिनिक्सच्या उत्तरेला टीएसएमसी आहे. प्लाझ्मा समजणारा आणि रात्री दोनला आत जायला तयार असलेला माणूस दोघांनाही हवाय. फक्त कंपनीच्या नावाकडे पाहून येऊ नकोस. एचिंग, डिपॉझिशन (थर चढवणं), मेट्रोलॉजी (मोजमाप), यातलं एक हातात पक्कं कर. नाव बदलतं, हात राहतो.

प्रश्न: ज्या देशाने जगाला खुल्या बाजाराचे धडे दिले त्यानेच समाजवाद सुरू केला म्हणायचा का? की टीएसएमसीही सरकारनेच उभी केली होती, मग यात चूक काय? (ह्यूस्टन. दोन मित्रांनी मिळून पाठवलेला प्रश्न. दोघांचं एकमत नाही असं लिहिलंय.)

तुमच्या भांडणात अमेरिकेची संसदही सामील आहे. डावीकडचे बर्नी सँडर्स यांनी या कराराला पाठिंबा दिला, रिपब्लिकन असलेल्या रँड पॉल यांनी त्याला समाजवादाकडे जाणारं पाऊल म्हटलं. लेबल लावून फारसं कळत नाही.

अमेरिकी सरकारने यापूर्वी हिस्से घेतलेत. जनरल मोटर्समध्ये २००९ ला सुमारे ६१ टक्के घेतले, ४९.५ अब्ज घातले, डिसेंबर २०१३ मध्ये शेवटचा शेअर विकला तेव्हा १० अब्जांहून जास्त बुडाले होते. एआयजी या विमा कंपनीत जवळजवळ ८० टक्के घेतले आणि २०१२ मध्ये बाहेर पडताना २२.७ अब्ज कमावले. क्रायस्लरच्या वेळी, १९८० मध्ये, फक्त कर्जाची हमी दिली आणि सोबत शेअर घेण्याचा हक्क राखून ठेवला. १९८३ मध्ये त्यातून ३१ कोटी १० लाख डॉलर मिळाले. या तिन्ही वेळी कंपनी बुडायच्या बेतात होती आणि सरकारला बाहेर पडायची घाई होती. इंटेलच्या जाहीर अटींत बाहेर पडण्याची तारीख नाही. हा फरक मला लेबलापेक्षा मोठा वाटतो.

आता टीएसएमसी. १९८७ मध्ये सुरू झाली तेव्हा तैवान सरकारचा सुमारे ४८ टक्के आणि फिलिप्सचा २७.५ टक्के हिस्सा होता. पण ती बुडती कंपनी नव्हती, नवी होती. आणि तिचे संस्थापक मॉरिस चँग यांनी पहिल्या दिवसापासून एक नेम पाळला: आम्ही फक्त दुसऱ्यांच्या चिप बनवू, स्वतःची विकणार नाही. ग्राहकाला भीती उरली नाही. सरकारी पैशाने जमीन आणि यंत्रं आली असतील, ग्राहक या नेमामुळे आले.

बुडत्या चिप कंपनीचं उदाहरण हवं असेल तर जपान बघा, मला ते टीएसएमसीहून जास्त शिकवतं. २००९ मध्ये जपान सरकारच्या योजनेतून मेमरी बनवणाऱ्या एल्पिडाला ३० अब्ज येन मिळाले. मेमरीचे भाव कोसळलेले, येन महाग. फेब्रुवारी २०१२ मध्ये एल्पिडाने दिवाळखोरी जाहीर केली आणि पुढे अमेरिकेच्या मायक्रॉनने ती घेतली. त्याच सुमाराला रेनेसास संकटात होती. गाड्यांच्या चिप बनवणारी ही कंपनी, मार्च २०११ च्या भूकंपात तिच्या नाका इथल्या कारखान्याची नासधूस झाली आणि जगभरच्या मोटार कंपन्या चिपांसाठी खोळंबल्या. २०१३ मध्ये सरकारी पाठबळाच्या आयएनसीजे या निधीने आठ कंपन्यांबरोबर मिळून तिच्यात १५० अब्ज येन घातले. त्या आठांत टोयोटा होती, निस्सान होती, डेन्सो होती. थांबा आणि ही नावं पुन्हा वाचा. हे तिचे ग्राहक होते. पैसे घालणाऱ्यालाच माल हवा होता. पुढची वर्षं सोपी नव्हती, कारखाने बंद झाले, हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. पण कंपनी उभी राहिली आणि आयएनसीजेने २०२३ मध्ये आपले उरलेले शेअर विकून टाकले.

दोन्हीकडे सरकारी पैसा होता. तेव्हा तुमच्यापैकी ‘सरकारने हात लावूच नये’ म्हणणाऱ्याला रेनेसास, आणि ‘सरकारने घेतलं की झालं’ म्हणणाऱ्याला एल्पिडा. ब्रिटनची इनमॉसही तुम्हाला शोधून वाचण्यासारखी आहे. १९७८ मध्ये सरकारी पैशाने उभारलेली ही चिप कंपनी, पुढे सरकार बदललं आणि १९८४ मध्ये विकली गेली. चिपला दहा वर्षं लागतात, निवडणूक त्याआधी येते.

प्रश्न: ट्रम्प यांनी आधी टॅन यांचा राजीनामा मागितला आणि दोन आठवड्यांत भागीदारी केली. ही खंडणी नाही का? (नाव छापू नये)

तो शब्द मी वापरणार नाही, तारखा देते. ७ ऑगस्टला अध्यक्षांनी टॅन यांनी तत्काळ राजीनामा द्यावा असं जाहीर लिहिलं. कारण दिलं चीनमधल्या कंपन्यांशी असलेल्या त्यांच्या जुन्या गुंतवणुकीच्या संबंधांचं. ११ ऑगस्टला टॅन व्हाइट हाउसला जाऊन भेटले. २२ ला करार. टॅन खुर्चीवर राहिले.

वर मी ‘गप्प बसणारा भागधारक’ म्हटलं ते इथे आठवा. मंडळावर जागा नसली तरी एका पोस्टने मुख्याधिकाऱ्याची खुर्ची हलवता येत असेल, तर जागेची गरज काय?

माझी काळजी आणखी एका ठिकाणी आहे. हे शेअर वाणिज्य खात्याकडे आहेत. चिपांच्या निर्यातीचे परवाने देणारी कचेरीही त्याच खात्यात आहे. इंटेलला परवाना लागतो, तिच्या स्पर्धकांना लागतो, जे तिचे ग्राहक व्हावेत असं सरकारला वाटतं त्यांनाही लागतो. कुणी गैर वागतंय असा माझा आरोप नाही. पण पंच आणि खेळाडू एकाच तंबूत राहायला लागले की प्रत्येक निर्णयावर संशय येतो, बरोबर निर्णयावरसुद्धा. इंटेलने स्वतःच गुंतवणूकदारांना सावध केलंय: २०२४ मध्ये तिची ७६ टक्के विक्री अमेरिकेबाहेर होती, आणि सरकार मोठा भागधारक असल्याने परदेशांत तिच्यावर जादा नियम येऊ शकतात. चीनमधला ग्राहक तिच्याकडे आता कंपनी म्हणून बघेल की अमेरिकेचं सरकार म्हणून, हा त्यांचा प्रश्न आहे, आणि तो खरा आहे.

२०२५ मध्येच संरक्षण खात्याने दुर्मिळ खनिजांच्या एमपी मटेरियल्समध्ये ४० कोटी डॉलर घातले, यूएस स्टीलमध्ये सरकारला नकाराधिकाराचा ‘सोनेरी शेअर’ मिळाला. इंटेल एकटी नाही. म्हणून असे शेअर परवाने देणाऱ्या खात्याकडे न ठेवता वेगळ्या, हिशेब जाहीर करणाऱ्या संस्थेकडे ठेवावेत असा कायदा व्हायला हवा. तुमच्या भागातल्या खासदाराला हे पत्राने कळवा. मी माझ्या खासदाराला सप्टेंबरात कळवलं.

प्रश्न: काकू, माझे मिस्टर एका चिप कंपनीत १२ वर्षं होते. या उन्हाळ्यात नोकरी गेली. एच-१बी आहे, मुलगी दुसरीत. टीव्हीवर सरकार अब्जावधी देतंय असं ऐकते आणि आमच्या नशिबी हे. सरकार भागीदार असेल तर नोकऱ्या वाचायला नकोत का? (ऑरेगन)

वाचायला हव्यात. पण इंटेलने जाहीर केलेल्या अटींत नोकऱ्यांची हमी नाही, आणि कंपनीने २०२५ अखेर मुख्य मनुष्यबळ ७५,००० च्या आसपास आणायचं जुलैमध्येच ठरवलं होतं. इतर कंपन्यांचंही वेगळं नाही. वर यील्डबद्दल लिहिताना डाग ओळखणाऱ्या माणसांचं म्हटलं, ती तुमच्या मिस्टरांसारखीच. त्यांना घरी बसवून देशाची चिप वाचवायची हे मला समजत नाही, आणि याचा मला रागही येतो.

मलाही एकदा असंच काढलं होतं. कँटीनमध्ये बोलावलं, एक पाकीट, अकरा मिनिटं. घरी येऊन मी कपाटं आवरत बसले, कारण दुसरं काय करायचं तेच सुचेना. म्हणून तुम्हाला आधी कामाचं सांगते.

एच-१बीवर नोकरीचा शेवटचा दिवस संपल्यापासून जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आय-९४ ची (देशात राहण्याच्या परवानगीच्या नोंदीची) मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेच. दिवस मोजायचे ते नोकरी अधिकृतपणे संपल्याच्या तारखेपासून, म्हणून पत्रावर ती तारीख कोणती आहे ते आजच बघा. नोटिशीच्या काळात पगार चालू असेल तर ती पुढची असू शकते. नव्या कंपनीने त्या मुदतीत अर्ज दाखल केला की पुरतं, मंजुरी त्याच मुदतीत यायला हवी असं नाही. तोवर काही जमलं नाही तर स्टेटस बदलण्याचा अर्जही त्याच मुदतीत करावा लागतो. इमिग्रेशन वकिलाशी एक तासाची बैठक घ्या, त्यात कंजूषी करू नका.

आणि त्यांच्या रेझ्युमेत ‘१२ वर्षांचा अनुभव’ एवढंच लिहू नका. कुठल्या यंत्रांवर, कुठल्या थरावर, कोणता दोष शोधला आणि किती दिवसांत, हे आकड्यांत लिहायला सांगा. यंत्रं पुरवणाऱ्या कंपन्यांकडेही पाठवा, फक्त कारखान्यांकडे नको. त्यांना आतून काम केलेली माणसं लागतात. कागद तयार झाला की संपादकांच्या पत्त्यावर माझ्या नावाने पाठवा. ते मला त्याच दिवशी कळवतात आणि मी तो त्याच रात्री वाचेन.